बाबनरावाच्या दारातला ताणा

वच्छलाबाईनं बाबनरावाला मारायचं ठरवलं तेव्हा तिच्या हातात विळा नव्हता की विष नव्हतं. खळीत बुडवलेला कुंचा होता, आणि तोही ती रोजच्यासारखाच धरून होती. घाई तिला अजिबात नव्हती. ज्या माणसानं तिच्या नवऱ्याला सावकाश संपवलं, त्याला झटपट मरण द्यायला ती काही एवढी दयाळू बाई नव्हती.

तांडापेठेतली ती गल्ली कोष्ट्यांची. घराघरात माग, आणि मागाखाली खड्डा. विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि दिवसभर धोटा इकडून तिकडे फेकायचा. लुगड्याचं सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ द्यावी लागे, आणि एवढं लांब सूत कोणाच्या घरात मावणार? म्हणून पहाटे गल्लीच्या लांबीनं बांबूच्या टेकणांवर उभ्या धाग्यांचा ताणा बांधायचा. दोन्ही बाजूंनी माणसांनी उभं राहायचं, कुंच्यानं खळ लावायची, धाग्याला धागा चिकटू द्यायचा नाही आणि सगळं सुकेपर्यंत हात थांबवायचा नाही. याला म्हणायचं पांजणी. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हे. आज तुझ्या ताण्याला माझा हात, उद्या माझ्या ताण्याला तुझा, अशी गल्लीची रीत होती. आणखी एक नेम होता. ताणा कोणी ओलांडायचा नाही. ओलांडला तर ओलांडणाऱ्याच्या घरातलं माणूस आडवं होतं, असं सगळे मानायचे. घाई असेल तर वाकून खालून जा, नाहीतर सुकेपर्यंत उभा राहा. पोरंसोरंही हे पाळत.

वच्छलाबाईचा नवरा ईश्वरदास. करवती किनार विणावी तर त्यानंच. किनारीचे दाते असे एकसारखे उतरायचे की उमरेडचे विणकरही येऊन बोट फिरवून पाहायचे. माणूस बोलायला कमी, पण जे दिसलं ते बोलून मोकळा व्हायचा, आणि तेच त्याला भोवलं. त्रेसष्ट साली एका संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर चार माणसं बसली असताना तो बाबनरावाला म्हणाला, की भाऊ, तुमची किनार आताशा ढिली पडून राहिली. बाबनराव गल्लीचा पंच. मोठं घर, मोठा आवाज, दारात गाय. त्याला असं चारचौघांत कोणी बोललेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबनरावाच्या दारात रात्रीच बांधून ठेवलेला ताणा तुडवलेला निघाला. त्याच्या लेकीच्या लग्नातल्या लुगड्यांचं ते सूत होतं. मधले धागे तुटून लोंबत होते, रेशीम चिखलात गेलं होतं. बाबनरावानं आजूबाजूला पाहिलं आणि सरळ ईश्वरदासच्या घराकडे बोट केलं. पुरावा काय, तर कालचं बोलणं. संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावरच निवाडा झाला, की यापुढे ईश्वरदासच्या पांजणीला कोणी हात लावायचा नाही.

कोणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही, पाणीही तोडलं नाही. फक्त कोणी आलं नाही. नवराबायको दोघांनीच एकदा पहाटे ताणा बांधून पाहिला. हे टोक खळवून होईतो ते टोक सुकलं, धागे एकमेकांना चिकटून चटईसारखे झाले, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं दात घासत उभी होती. कालपर्यंत ज्यांच्या ताण्याला ईश्वरदासनं हात दिला तीच ही माणसं. त्यांच्यातल्या कोणालाही एक पायरी उतरवली नाही. वच्छलाबाईनं ते सगळे चेहरे एकेक करून पाहून ठेवले, पण राग मात्र वाटून टाकला नाही. तो सगळाच्या सगळा तिनं बाबनरावासाठी राखून ठेवला.

त्यानंतर ईश्वरदास मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसता बसू लागला. माग रिकामा. धोटा हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि ठेवून द्यायचा. पहाटे पांजणीच्या वेळेला जागा व्हायचा आणि छताकडे पाहत पडून राहायचा. वांग्याची भाजी त्याला फार आवडे, ती ताटात तशीच राहायची. ती म्हणायची, चला, उमरेडला माझ्या भावाकडे जाऊ, तिथं विणू. तो म्हणायचा, "मी गेलो तं लोक म्हणतीन चोर पळाला." पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती सुताच्या कांड्या भरत बसली होती, आणि तो खड्ड्यात बसल्या बसल्या मागावर डोकं टेकून गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

चौकातले मनोहरराव डॉक्टर आले. छातीची रक्तवाहिनी बंद पडली म्हणाले. तंबाखू खायचा का? नाही. दारू? शिवला नाही. अंगावर चरबीही नव्हती. मग डॉक्टरांनी तिला विचारलं, की यांच्या मनाला काही लागलं होतं का. वच्छलाबाईनं दाराबाहेर पाहिलं. समोर बाबनराव डोक्याला टॉवेल गुंडाळून तिरडीच्या बांबूंचा हिशेब करत उभा होता, गल्लीचा पंच म्हणून.

तिला एक गोष्ट ठाऊक होती. ताणा तुटला त्याच आठवड्यात बाबनरावानं आपलं चांगलं तरणं गोऱ्हं बाजारात नेऊन विकलं होतं. दाराला बांधलेलं, कोणाला नडलेलं नाही, आणि एकाएकी विकलं. रात्री दावं तोडून ताण्यात कोण शिरलं असेल हे तिला त्या दिवशीच उमगलं होतं. तिनं बायकांना सांगून पाहिलं. बायका म्हणाल्या, जाऊ दे वं, दुःखात माणसाले काहीही सुचते. बाबनरावाला खरं काय ते माहीत होतं आणि तो गप्प होता, कारण पंचानं एकदा रोखलेलं बोट मागे घ्यायचं नसतं. बस्स, एवढ्यासाठी. एवढ्याशा ताठ्यासाठी तिचं कुंकू गेलं. कोणाला ही गोष्ट विसरण्यासारखी वाटत असेल तर त्यानं खुशाल विसरावी.

ती स्वतः मागावर बसली. विधवा बाई खड्ड्यात पाय सोडून बसते म्हणून गल्ली कुजबुजली, मग सवयीनं गप्प झाली. ईश्वरदास गेल्यावर लोक शरमेनं तिच्या पांजणीला आपणहून येऊ लागले. ती कोणाला नको म्हणाली नाही आणि कोणाशी हसलीही नाही. दर वर्षी तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली की सगळी गर्दी रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडायची. वच्छलाबाई त्या गर्दीत उभी राहून बाबनरावाचं नाव घ्यायची. मारबत दर वर्षी जळायची आणि बाबनराव दर वर्षी ओट्यावर बसून चहा प्यायचा.

बहात्तर साली मात्र तिच्या मनासारखं काहीतरी घडलं. बाबनरावाच्या छातीत दुखायला लागलं. आता तो म्हातारा झाला होता, बायको वारलेली, मुलगा कोराडीच्या वीजकेंद्राच्या कामावर लागला होता तो बसनं पहाटे जायचा आणि संध्याकाळी यायचा. घरात दिवसभर सून गोपिका आणि सासरा. गोपिका साधी मुलगी. नळावर हंडा भरता भरता तिनं सगळं सांगून टाकलं. मनोहरराव डॉक्टर म्हणून गेले होते, की मीठ कमी, जिना चढायचा नाही आणि सगळ्यात मुख्य म्हणजे राग येऊ द्यायचा नाही. यांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. रागाच्या भरात त्या आणखी आवळतात, आणि एखाद्या दिवशी तेवढ्यानंच कारभार आटोपेल.

वच्छलाबाईचा हंडा भरून वाहत होता. तिनं तो उचललाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचा ताणा बाबनरावाच्या दारात लागू लागला. गल्ली सगळ्यांची होती, कोणी हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. फक्त ती तो त्याच्या पायरीला असा खेटून बांधायची की घराबाहेर पडायचं तर एकतर ओलांडायचा, नाहीतर खाली वाकायचं. ओलांडणं कोष्ट्याच्या हाडात नाही. आणि गल्लीच्या पंचानं बाईच्या ताण्याखालून रांगत जायचं? बाबनराव दारात उभा राहून धुमसायचा. मारुतीला जायचं राहायचं, चौकातला चहा राहायचा. विणकरांच्या सोसायटीत आता खळवलेलं तयार सूत मिळू लागलं होतं, गल्लीतली पांजणी निम्म्यावर आली होती, पण वच्छलाबाई कच्चं सूतच आणायची. तिच्या मदतीला येणाऱ्या गल्लीतल्या दोन चुलत जावांना ती खळ जाड घ्यायला सांगायची, म्हणजे सुकायला वेळ लागतो.

पहिल्याच दिवशी बाबनराव ओरडला. त्यानं तिच्या सात पिढ्या काढल्या. कपाळाची शीर फुगली, चेहरा तांबडालाल झाला. वच्छलाबाई कुंचा फिरवत राहिली आणि त्या शिरेकडे आशेनं पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या घरी गोऱ्हं दिसत नाही आताशा. विकलं वाटते?" त्यावर तो एवढा पेटला की गोपिका पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तो मेला नाही. वच्छलाबाई म्हणाली, हरकत नाही, परवा पुन्हा ताणा आहे.

असं दोन-तीन वर्षं चाललं. ताण्याच्या दिवशी भांडण ठरलेलं. ती गोऱ्ह्याचं काढायची, त्याच्या ढिल्या किनारीचं काढायची, कधी त्याच्या लेकीच्या सासरचं काढायची. तो तिच्या खळीत गुठळ्या दाखवायचा, धागे मोजून चुका दाखवायचा, तिच्या माहेराला नावं ठेवायचा. गल्ली ओट्यांवर येऊन ऐकायची. आणि या सगळ्यात वच्छलाबाईच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की म्हातारा बरा होत चालला होता. पहाटे तिच्या आधी उठून दारात बसायचा. आज काय बोलायचं याची आदल्या दिवशी तयारी करायचा, हे गोपिकेनंच नळावर बायकांना सांगितलं. दोन पोळ्या जास्त खायचा. छाती दुखायची थांबली. ज्याच्यासाठी एवढं खळवलं, तो तिच्या डोळ्यांदेखत तुकतुकीत झाला.

डोकं दुखू लागलं ते तिचं. मागून, मानेपासून वर. कानात रात्रंदिवस कोणीतरी माग चालवल्यासारखं वाटायचं. झोप गेली, कारण पडल्या पडल्या ती उद्याची भांडणं भांडायची. एक दिवस धोट्याला हात घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा जावांनी तिला ओढत मनोहररावांकडे नेलं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला, पुन्हा पाहिला. मीठ किती खाता, घरात कोणाला होतं का, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही कोणावर रागावून असता?"

तिनं पदर दंडावर ओढून घेतला.

डॉक्टर चिडखोर होते पण मनाचे वाईट नव्हते. त्यांनी यंत्राची रबरी नळी तिच्या हातात दिली. म्हणाले, ही नवी होती तेव्हा कशी लवायची, आता दाबून पाहा. माणूस चिडला की शरीराला वाटतं आता मारामारी होणार. ते रक्तवाहिन्या आवळून धरतं, हृदय जोरात हाणतं. मारामारी झाली नाही तर पुन्हा सैल होतं. पण रोज सकाळी उठून तेच, रात्री पडल्या पडल्याही तेच, तर आवळलेल्या वाहिन्या सैल व्हायचं विसरतात. कडक होतात. आतला नाजूक पापुद्रा खरवडला जातो आणि तिथं घाण साचते. शेवटी कुठंतरी तुंबतं किंवा फुटतं. छातीत नाहीतर मेंदूत.

तिनं विचारलं, "मंग त्यायले काहून नाही होत? बाबनरावाले? ते बी तं रोज ओरडते."

डॉक्टर हसले. म्हणाले, ते ओरडतात आणि मोकळे होतात. जेवतात, झोपतात. उलट तुमच्या भांडणानं त्यांना उठायला कारण मिळालं आहे. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला याहून मोठं औषध नाही. आणि मग ते थोडे गंभीर झाले. म्हणाले, रागच हे करतो असं नाही. तुमच्या नवऱ्याला राग नव्हता. ते खचले होते. कोणी बोलायला नाही, कोणी बोलवायला नाही, उठून करायचं काय तर काही नाही. खचलेल्या माणसाच्याही वाहिन्या अशाच खराब होतात. मी हे पाहिलं आहे. फक्त त्याचा आवाज होत नाही.

गोळ्या घेऊन ती घरी आली. ज्याला मारायला निघाली त्याला तिनं तीन वर्षं हातानं भरवून जगवलं होतं. आणि ईश्वरदास कशानं गेला हे अकरा वर्षांनी तिला कोणीतरी नीट सांगितलं होतं.

त्या दिवसापासून तिनं ताणा गल्लीच्या तोंडाशी, दुसऱ्या टोकाला नेला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिनं ते आपल्या जिवाला घाबरून केलं. मिठाची बरणी वर ठेवली, गोळ्या वेळेवर घेतल्या. बाबनराव वाटेत दिसला तर ती भिंतीकडे पाहत पुढे जायची. तो मुद्दाम खाकरायचा. एकदा तिच्या खळीला मोठ्यानं नाव ठेवलं. ती थांबली नाही. महिन्याभरात तिची डोकेदुखी उतरली. डॉक्टर पारा पाहून म्हणाले, शाबास.

मग एका दुपारी गोपिका घरी आली. माग चालू होता, वच्छलाबाईनं तो थांबवला नाही. गोपिका खड्ड्याच्या कडेला बसून राहिली आणि रडायला लागली. मामंजी जेवत नाहीत म्हणाली. पहाटे उठून दारात बसतात, गल्लीच्या टोकाकडे पाहतात, मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतात. छाती पुन्हा दुखते. डॉक्टर म्हणाले, मन लागेल असं काहीतरी करा. आता त्या घरात मन लागण्यासारखं काय होतं?

"काकू, एकदा या अन् भांडा त्यायच्याशी," ती म्हणाली. "वाट्टेल ते बोला. गोऱ्ह्याचं काढा."

वच्छलाबाईचा हात धोट्यावरच थांबला. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस तिनं पाहिला होता. याच खोलीत, याच भिंतीशी. त्या वेळी तिनं गल्लीतल्या किती दारांवर जाऊन पदर पसरला होता, की नुसतं येऊन बोला त्यांच्याशी. कोणी आलं नव्हतं. आणि आज तेच मरण आयतं तिच्या दाराशी चालून आलं होतं, आणि त्यासाठी तिला काहीही करायचं नव्हतं. फक्त जायचं नव्हतं. तिला त्या क्षणी झालेला आनंद लपवण्यासारखा नव्हता आणि तिनं तो लपवलाही नाही.

"माह्या नवऱ्यासाठी तुह्या सासऱ्याकडे मी अशीच आली होती," ती म्हणाली. "जा पोरी. तुह्यावर माहा राग नाही."

गोपिका गेली. माग पुन्हा खडखडू लागला.

थंडीचे दिवस लागले. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी वच्छलाबाईचा ताणा लागला होता, दोन जावा पलीकडून कुंचा फिरवत होत्या. बाबनराव काठी टेकत आला. अंगावर नुसतं धोतर आणि शाल, दाढी वाढलेली. ताण्याच्या अलीकडे तो थांबला. आता वाकेल किंवा माघारी जाईल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं धोतराचा सोगा वर धरला आणि पाय उचलून ताण्यात टाकला. ओलांडताही आलं नाही त्याला. पाय अडकला, धागे पटापट तुटले, आणि म्हातारा त्या ओल्या सुताच्या मधोमध मांडीपर्यंत गुंतून उभा राहिला.

ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. कोष्ट्यानं कोष्ट्याचा ताणा तोडला होता, दिवसाउजेडी.

"बोल आता," बाबनराव म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "तुहा ताणा तोडला मी. दे शिव्या."

वच्छलाबाईच्या कानशिलात हातोडा पडत होता. बारा वर्षांचं सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं, ते तिनं गिळलं. तिनं कुंचा ठेवला. खाली बसली. तुटलेल्या धाग्याचं एक टोक उचललं, दुसरं शोधलं आणि बोटांनी पीळ देऊन जोडलं. मग पुढचा धागा घेतला.

"गोऱ्हंच होतं ते," तो म्हणाला. आता सगळी गल्ली ऐकत होती. "माहं गोऱ्हं. मले त्याच दिवशी मालूम होतं. ईश्वरदासनं काही नव्हतं केलं. आता तं बोल वं."

बायकांनी तोंडाला पदर लावला. एका जावेच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे वाक्य ऐकायला वच्छलाबाईनं आपलं अर्धं आयुष्य दिलं असतं, पण ते ऐकायला ज्यानं हवं होतं तो खड्ड्यात बसून केव्हाच गेला होता. उशिरा आलेल्या त्या शब्दाचं ती काय करणार होती? तिनं मान वर केली नाही. म्हाताऱ्याच्या पायाशी बसून ती धागे जोडत राहिली, जणू तिथं पाय नव्हताच. शेवटी गोपिका आली आणि सासऱ्याला एकेक धागा सोडवून घरी घेऊन गेली.

त्या संध्याकाळी पारा पुन्हा चढलेला निघाला, पहिल्याहूनही वर. मनोहरराव म्हणाले, भांडण सोडलं होतं ना? ती म्हणाली, सोडलं. डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला. म्हणाले, बाई, तोंड बंद ठेवलं म्हणजे राग गेला असं नसतं. शरीराला ते कळतं. तिनं गोळ्या वाढवून घेतल्या.

संक्रांतीच्या आधी बाबनराव गेला. झोपेतच गेला. ताणा ओलांडला म्हणून गेला, असं गल्लीत अजूनही म्हणतात. डॉक्टरांनी छातीची रक्तवाहिनी बंद पडल्याचं सांगितलं, ईश्वरदासच्या वेळी सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द.

बातमी आली तेव्हा वच्छलाबाईचा ताणा गल्लीच्या तोंडाशी लागलेला होता आणि खळ ओली होती. जावा कुंचे टाकून मयताच्या घरी धावल्या. ती एकटीच राहिली. ऊन वर आलं, तिरडी बांधून झाली, मुलगा मडकं घेऊन पुढे निघाला. गल्लीच्या तोंडाशी येऊन सगळे थांबले; बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. कडेनं भिंतीला घासून एकटा माणूस जाईल एवढीच जागा होती. खांद्यावरची तिरडी तिथून निघणं शक्य नव्हतं. ताण्याखालून ती जाणार नव्हती, आणि मढं घेऊन ताणा ओलांडायला कोणी तयार नव्हतं.

कोणीतरी म्हणालं, वच्छलाबाई, उचला आता. बाईमाणसासारखं वागा. तो कबूल झाला होता ना?

"सुकून राहिला," ती म्हणाली. "ओला उचलला तं चिकटन. थांबा."

आणि तिनं कुंचा खळीत बुडवून पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली. माणसं खांदे बदलत उभी राहिली. कोणी शिव्या दिल्या, कोणी हात जोडले. बाबनराव, गल्लीचा पंच, कडब्यावर पडून वर आभाळाकडे तोंड करून वाट पाहत होता. ईश्वरदासनं पांजणीच्या वेळेला जागं होऊन जितकी वाट पाहिली होती तितकी नाही, पण जेवढी त्याच्याकडून वसूल करता येईल तेवढी ती करत होती. तिचा चेहरा तापला होता. कानातला माग एवढा जोरात चालत होता की लोकांचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

ताण्याच्या मधोमध तिच्या उजव्या हातातून कुंचा गळाला. तिनं तो उचलायला पाहिलं तर हात खाली गेलाच नाही. ती हसायला लागली असं लोकांना वाटलं, कारण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मग ती तशीच ओल्या सुतावर कलंडली. तिरडी रस्त्यात टेकवून चौघं तिला उचलायला धावले. तिच्या वजनानं ताणा मध्ये तुटला, आणि त्या फटीतून मग बाबनरावाला घाटावर नेलं.

ती वाचली, चांगली एक्क्याऐंशी सालापर्यंत जगली. मेंदूतली वाहिनी फुटली होती, उजवं अंग गेलं. माग कोणीतरी जळणाला नेला. खड्डा बुजवला, तिथंच तिची खाट असायची. गोपिका रोज यायची, भात कालवून चमच्यानं भरवायची, केस विंचरून द्यायची. का येते हे तिनं कधी सांगितलं नाही आणि वच्छलाबाईनं कधी विचारलं नाही. जीभ जड झाली होती. पाणी मागायचं तरी तिला तीन वेळा अडखळावं लागे.

एकदा गोपिकेनंच केस विंचरता विंचरता विचारलं, काकू, काय भेटलं तुम्हाले? हात गेला, पाय गेला. डॉक्टरनं सांगतलं होतं ना तुम्हाले. पस्तावा होते का?

वच्छलाबाईनं वाकड्या तोंडानं तिच्याकडे पाहिलं.

"थांबवलं ना मी त्याले," ती म्हणाली.

तेवढ्या एका वाक्यात ती अडखळली नाही. गोपिकेनं केसांतली कंगवी काढली, वेणीचे तीन पेड केले आणि ती मुकाट्यानं विणायला लागली.